हा उंदीर नवा आहे का? लहान सस्तन प्राण्याची नवी जात ओळखताना

पाऊस सुरू झाला की माझ्या फोनवर हमखास एखादा फोटो येतो. फरशीवर मरून पडलेला, ओला, नाक लांबट असलेला एक जीव, आणि खाली मजकूर : "सर, पुस्तकात कुठेच सापडत नाही. नवीन असेल का?" बहुतेक वेळा ते चिचुंद्रीचं पिल्लू असतं. तरी मी हसत नाही, कारण हाच प्रश्न नीट विचारला तर उत्तर 'हो' येऊ शकतं. सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला पिढ्यान्‌पिढ्या लोक जात होते. त्याच पठारावर राहणाऱ्या एका मऊ केसांच्या उंदराला शास्त्रीय नाव मिळालं ते थेट १९७५ साली. पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधल्या मिश्रा आणि धांडा यांनी त्याचं वर्णन केलं आणि गडाच्या जुन्या नावावरून त्याला मिलार्डिया कोंडाना म्हटलं. विषाणूंच्या संस्थेला उंदरांशी काय देणंघेणं, असं वाटेल. पण उंदरांच्या अंगावरच्या गोचिडी आणि पिसवा रोग वाहून नेतात, त्यामुळे कुठला उंदीर कुठला हे तिथल्या लोकांना नेमकं कळावंच लागतं.

कामाचा क्रम सांगण्याआधी एक गोष्ट. 'हा नवा आहे' असं थेट सिद्ध करता येत नाही. 'हा अमुक नाही, तमुकही नाही, आणि फलाणाही नाही' असं एकेक नाव खोडत जावं लागतं. खोडायला एकही नाव उरलं नाही की मग नव्या नावाचा विचार. पुढे जे लिहिलंय ते सगळं या खोडाखोडीचंच आहे.

(शब्दांबद्दल : स्पीशीजला मी 'जात' म्हणतोय आणि जीनसला 'वंश'. वर्तमानपत्रं दोन्हीला 'प्रजाती' म्हणतात आणि घोळ होतो.)

हात लावण्याआधी

मेलेला प्राणी दिसला की पहिला मोह उचलून बघायचा होतो. तो आवरा. कोकणात पावसाळ्यात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) साथी येतात, त्या मुख्यतः उंदरांच्या मूत्रातून. दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरी भागात माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत, तो गोचिडीतून येतो. महाबळेश्वरच्या एका गुहेतून २०२० मध्ये घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं आढळली होती. घाबरून जायचं कारण नाही, पण हातमोजे आणि मास्क हवेतच. जिवंत वटवाघूळ चावलं तर जखम साबणाने भरपूर वेळ धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा. 'उद्या बघू' इथे चालत नाही.

मग फोटो. माणसं वरून एक फोटो काढतात आणि तो जवळजवळ निरुपयोगी असतो. मला हवे असतात ते असे : पाठ, पोट, बाजूने डोकं, कान पुढे ओढून, शेपटी वरून आणि खालून, मागच्या पायाचा तळवा अगदी जवळून, ओठ उचलून पुढचे दात, आणि मादी असेल तर स्तनाग्रं. प्रत्येक फोटोत पट्टी. पट्टी नसेल तर नाणं ठेवा, पण ते नाणं कुठलं हे लिहून ठेवा.

फोटोसोबत जागेची नोंद. 'आंबोली' ही जागा नव्हे. जीपीएसचे आकडे, उंची, तारीख, वेळ, आणि आजूबाजूला काय होतं : भातखाचर, कातळ, काजूची बाग, घराचं माळवद. जीव कसा सापडला तेही लिहा. मांजराने आणला असेल तर तो मुळात कुठे राहत होता हे तुम्हाला माहीत नाही, आणि ते कबूल करून ठेवलेलं बरं.

परवानगी

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येणारा नाही. जंगलातून काहीही उचलायचं किंवा पिंजरे लावायचे तर वनखात्याची लेखी परवानगी लागते आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या प्राण्यांसाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची. 'उंदरांना कोण विचारतंय' हे जुनं झालं. १९७२ च्या कायद्यात उंदीर, घुशी आणि फळं खाणारी वटवाघळं उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात होती, २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच काढून टाकलं. तुम्ही हौशी असाल तर माझा सल्ला सरळ आहे : स्वतः पकडू नका, मारू नका. एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा संशोधन संस्थेच्या परवान्यावर चालणाऱ्या कामाला हात लावा. परवान्याशिवाय गोळा केलेला नमुना कितीही अद्भुत असला तरी कुठलंही नियतकालिक तो छापणार नाही.

आधी गण, मग वंश

आता ओळखायला लागू. पहिला प्रश्न 'कुठला उंदीर' हा नसतो, 'उंदीर आहे का' हा असतो. चिचुंद्री दिसायला उंदरासारखी, पण ती उंदरांच्या गणातली (ऑर्डरमधली) नाहीच. ओठ उचला. उंदराला पुढे छिन्नीसारखे दात वर दोन आणि खाली दोन, त्यांच्यामागे मोठी मोकळी फट, आणि मग दाढा. चिचुंद्रीच्या तोंडात अशी फट नाही, टोकदार दातांची सलग रांग असते.

या रांगेनेच एकदा माझी फजिती केली होती. आंबोलीजवळच्या एका घराच्या पडवीत मांजराने एक छोटी, करडी चिचुंद्री आणून टाकली होती. मांजर तिला मारतं पण वासामुळे सहसा खात नाही, म्हणून नमुना अगदी धडधाकट. वरच्या जबड्यात पुढचा मोठा आकड्यासारखा दात आणि मागची पहिली मोठी दाढ यांच्यामध्ये एकच टोक असलेले बारीक दात असतात. ते मी मोजले, तीन भरले. तीन म्हणजे क्रोसिड्युरा वंश, एकूण २८ दात. आपली नेहमीची चिचुंद्री सनकस वंशातली, तिला असे चार आणि एकूण ३० दात. त्या भागातून क्रोसिड्युराची नोंद मला ठाऊक नव्हती. अर्धा दिवस मी जमिनीपासून चार बोटं वर चालत होतो. संध्याकाळी दहापट भिंगाखाली, टूथब्रशने दात साफ करून, बाजूने प्रकाश टाकून पाहिलं. चौथा दात होता. खसखशीच्या दाण्याएवढा, दोन मोठ्या दातांच्या बेचक्यात दडलेला. नेहमीची चिचुंद्री, तीही पिल्लूच. तिची भावंडं त्याच पडवीत आईमागे एकमेकांच्या शेपटीकडचे केस तोंडात धरून रांगेने पळताना घरातल्या आजींनी पाहिली होती. हे त्यांनी सकाळीच सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

तेव्हापासूनचा नियम : दात तीनदा मोजायचे, दोन्ही बाजूंचे, आणि एकदा दुसऱ्या माणसाकडून.

उंदरांमध्ये वंशापर्यंत पोचायला काही ठळक खुणा आहेत. वरच्या छिन्नीदातांवर उभी खाच असेल तर यादी एकदम छोटी होते, गोलुंडा किंवा टाटेरा यांच्याकडे पाहा. पायाच्या कडेच्या बोटांना नख्यांऐवजी चपटी नखं असतील तर झाडावर राहणारा व्हॅन्डेलुरिया. घरच्या काळ्या उंदराची शेपटी डोकं-धडापेक्षा लांब, तपकिरी गटारी उंदराची आखूड. काळ्या उंदराच्या मादीला सहसा दहा स्तनाग्रं, तपकिरीला बारा. रंगावर मात्र भिस्त ठेवू नका. एकाच बिळातून काळपट आणि तांबूस उंदीर निघतात, आणि अल्कोहोलमध्ये पडलेल्या कातड्याचा रंग तर सरळ उडतोच.

वय बघा

'नव्या जाती'चा सगळ्यात मोठा कारखाना म्हणजे पिल्लं. पिल्लांचे पाय अंगाच्या मानाने मोठे, केस करडे, तोंड आखूड. उंदरात शेवटची दाढ पूर्ण बाहेर आली आहे का ते पाहा. वटवाघळात तर ही तपासणी फार सुंदर आहे : पंख हलकेच ताणून मागून विजेरी धरा. पिल्लाच्या बोटांच्या सांध्याजवळ हाडाच्या मध्ये पारदर्शक फट दिसते, तिथे अजून कूर्चा असते. प्रौढाचा सांधा गाठीसारखा भरीव आणि गडद दिसतो. पिल्लाच्या मापांवरून जात ठरवायला जाऊ नये, हे ज्याने एकदा हात पोळून घेतलेत त्याला सांगावं लागत नाही.

मापं

चार मापं आणि वजन : नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंत डोकं-धड, तिथून शेपटीच्या शेवटच्या मणक्यापर्यंत शेपटी (टोकाचे केस सोडून), मागचा पाय टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत, आणि कान खालच्या खाचेपासून टोकापर्यंत. वटवाघळात याहून महत्त्वाचं माप म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा पुढचा हात. डिजिटल व्हर्नियर वापरा, शिंप्याची टेप नको.

मागच्या पायाच्या मापात एक सापळा आहे. ब्रिटिश परंपरेतले जुने संग्राहक हे माप नखी सोडून घेत, अमेरिकन परंपरेत नखी धरून घेतात. छोट्या उंदरात हा फरक एक ते दोन मिलिमीटरचा पडतो. म्हणजे तुम्ही नखीसकट मोजलं आणि १९१५ च्या वर्णनाशी ताडून पाहिलं, की तुमचा उंदीर आपोआप 'वेगळा' ठरतो. कुठलं माप घेतलं ते वहीत लिहा. शक्य असेल तर दोन्ही घ्या, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

कवटी

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या जाती कवटीत वेगळ्या निघतात. गंमत म्हणजे कवट्या शिकायला एकही प्राणी मारावा लागत नाही. गव्हाणी घुबड ज्या पडक्या वाड्यात किंवा देवळाच्या शिखरात बसतं, तिथे खाली काळपट, अंगठ्याएवढ्या गोळ्या पडलेल्या असतात. न पचलेले केस आणि हाडं घुबड ओकून टाकतं, त्या या गोळ्या. जागेच्या मालकाला विचारून त्या घ्या. मास्क लावून कोमट पाण्यात तासभर भिजवा, चिमट्याने केस सोडवा, हाडं पांढऱ्या ताटलीत वाळवा. एका गोळीत तीन-चार उंदरांच्या कवट्या निघतात. डोळ्याखालून जाणारी गालाची कमान चिचुंद्रीच्या कवटीला नसतेच. उंदराला असते, पण गोळीत ती बहुधा मोडलेली मिळते, त्यामुळे दात आधी बघायचे. एका गावाच्या हंगामभरच्या गोळ्या म्हणजे त्या शिवारातल्या उंदरांची शिरगणतीच. मी जे काही शिकलो त्यातलं निम्मं या घाणेरड्या वाटणाऱ्या गोळ्यांतून.

नव्या जातीचा दावा करायचा तर कवटीची ठरावीक मापं घ्यावी लागतात : एकूण लांबी, गालाच्या कमानींमधली रुंदी, डोळ्यांमधली सर्वांत अरुंद जागा, दाढांच्या रांगेची लांबी, कर्णपेटिकेचा (कानाच्या हाडी फुगवट्याचा) आकार. हे संस्थेत, सूक्ष्मदर्शकाखाली करायचं काम आहे. एका कवटीवर भागत नाही. दोन्ही लिंगांचे, प्रौढ, असे अनेक नमुने असतील तरच 'हा एकटाच विचित्र होता' ही शंका फिटते.

जुनी नावं खणून काढा

इथे माणसं घसरतात, आणि खरी मजाही इथेच आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी सुरू केली, तिची सुरुवात खानदेशातून झाली. त्यातून आलेले हजारो नमुने लंडनला अभ्यासले गेले आणि डझनावारी नावं पडली. सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्या नावाने तर एक अख्खा वंश आहे, मिलार्डिया, ज्यात आपला सिंहगडचा उंदीर येतो. पुढे यातली बरीच नावं 'उपजात' किंवा 'तेच ते' म्हणून मोडीत काढली गेली. पण मोडीत काढलेलं नाव मेलेलं नसतं.

साताऱ्याचं उदाहरण घ्या. कोयना खोऱ्यातल्या घाटमाथ्यावरच्या उंदराला हिंटन यांनी १९१८ मध्ये काळ्या उंदराची उपजात म्हणून 'सातारे' हे नाव दिलं. पुढची कित्येक दशकं तो घरच्या काळ्या उंदराचाच भाऊबंद समजला गेला. २०११ मध्ये एका संशोधन गटाने दाखवून दिलं की दक्षिण भारतात हे दोघं शेजारीशेजारी राहतात आणि तरीही शरीररचना, गुणसूत्रं आणि जनुकं तिन्हींत वेगळे आहेत. म्हणजे जात वेगळी. पण नवं नाव द्यायची मुभा कुणालाही नव्हती, कारण नाव आधीच होतं : रॅटस सातारे. प्राणिनामकरणाच्या नियमांत जुन्या वैध नावाचा हक्क पहिला. त्यामुळे तुमचा प्राणी खरोखर वेगळा असला, तरी त्याला शंभर वर्षांपूर्वी कुणी बारसं घातलंय का हे पाहावंच लागतं. त्या वंशातली, त्या प्रदेशातली सगळी जुनी नावं, समानार्थी ठरवलेली धरून, यादीत घ्या. प्रत्येकाचं मूळ वर्णन वाचा, आणि जिथे तो मूळ नमुना ठेवलाय त्याच्याशी आपला ताडून पाहा.

याची उलटी बाजूही आहे. १९४८ मध्ये तमिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरांत अँगस हटन यांना एक फलाहारी वटवाघूळ मिळालं. ते नेहमीचं आखूड नाकाचं वटवाघूळ म्हणून सोसायटीच्या संग्रहात ठेवलं गेलं. किट्टी थोंगलोंग्या यांनी ते कपाटातून काढून नीट पाहिलं आणि १९७२ मध्ये जाहीर केलं की ही जातच नव्हे, वंशही नवा आहे. नाव पडलं लॅटिडेन्स सलीमअली. नेहमीच्या वटवाघळाला आखूड का होईना शेपटी असते, याला बाहेर दिसणारी शेपटीच नव्हती. चोवीस वर्षं ती गोष्ट कपाटात सगळ्यांसमोर होती. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, पिंजरे घेऊन डोंगरात जाण्याआधी आठवडाभर संग्रहालयाच्या कपाटांसमोर बसा.

जनुकं आणि आवाज

ऊतीचा छोटा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचा. फॉर्मालिनमध्ये टाकलात तर डीएनए खराब होतो, आणि ही चूक अजूनही होते. सस्तन प्राण्यांत सायटोक्रोम-बी हे मायटोकॉन्ड्रियाचं जनुक सर्रास वापरतात. ब्रॅडली आणि बेकर यांनी २००१ मध्ये दिलेला ढोबळ अंदाज असा : फरक २ टक्क्यांच्या आत असेल तर बहुधा एकच जात, ११ टक्क्यांच्या वर असेल तर बहुधा वेगळी, आणि मधला सगळा पट्टा 'अजून तपासा'. अडचण अशी की आपले बहुतेक रंजक प्राणी त्या मधल्याच पट्ट्यात येतात. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो, पूर्वी कधी संकर झाला असेल तर तो दिशाभूल करतो. त्यामुळे केंद्रकातली जनुकंही हवीत. आणि जीनबँकेत (डीएनए-क्रमांच्या जागतिक साठ्यात) चुकीच्या नावाने चढवलेले क्रमही आहेत. नुसता 'इतके टक्के जुळलं' या एका ओळीवर जात ठरवणारा निबंध मी बाजूला ठेवतो.

वटवाघळांत आवाज फार कामाचा. युरोपातली सामान्य पाकोळी (पिपिस्ट्रेल हे छोटं वटवाघूळ) एकच जात समजली जायची, पण काहींची हाक ४५ किलोहर्ट्झच्या आसपास आणि काहींची ५५ च्या आसपास, हे लक्षात आलं आणि तिच्या दोन जाती झाल्या. मेघालयातही एका पर्णनासिक वटवाघळाच्या गटात ८५ आणि ९८ किलोहर्ट्झ असे दोन आवाज मिळाले, जनुकंही वेगळी निघाली, आणि २००६ मध्ये ८५ वाल्याला खासी टेकड्यांवरून नाव मिळालं.

अलीकडचं भारतीय उदाहरण पाहायचं असेल तर अंदमानातल्या नारकोंडम बेटावरची चिचुंद्री पाहा, क्रोसिड्युरा नारकोंडमिका, २०२१. प्राणी सर्वेक्षण विभागाच्या शास्त्रज्ञांनी बाह्य खुणा, कवटी आणि डीएनए, तिन्ही एकमेकांना पूरक मांडले. मला हाच कस योग्य वाटतो : तीन वेगळ्या वाटांनी गेलात आणि एकाच ठिकाणी पोचलात, तर बोला.

नाव आणि जबाबदारी

फेसबुकवर किंवा वर्तमानपत्रात जाहीर केलेलं नाव नियमात बसत नाही. नियमांप्रमाणे प्रसिद्ध होणाऱ्या नियतकालिकात किंवा पुस्तकातच वर्णन यावं लागतं, ते फक्त ऑनलाइन असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदवावं लागतं. 'नवी जात' असा स्पष्ट उल्लेख, जवळच्या जातींपासून वेगळेपणाच्या खुणा, आणि एक नामधारक नमुना (ज्याच्यावर ते नाव बांधलं जातं तो) कुठल्या संग्रहात कुठल्या क्रमांकाने ठेवलाय हे हवंच. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे नव्या जातीचा नमुना अधिकृत भांडारात जमा करणं बंधनकारक आहे, प्राण्यांसाठी प्राणी सर्वेक्षण विभाग हे असं भांडार. घरच्या फ्रीजमध्ये ठेवलेल्या बरणीला काही अर्थ नाही.

नाव गावाचं, गडाचं, माणसाचं काहीही चालतं, फक्त स्वतःचं देऊ नये असा संकेत आहे. आणि 'फक्त इथेच सापडतो' हे वाक्य लिहिताना हात आखडता घ्या. राउटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ १९१२ मध्ये प्रेटर यांना तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत मिळालं, गोव्याच्या सीमेपासून फार लांब नव्हे. जवळजवळ नव्वद वर्षं जगात ती एकच जागा समजली जायची. मग ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं.

शेवटचं काम सगळ्यात क्षुल्लक, म्हणून सगळ्यात जास्त बिघडतं : चिठ्ठी. माझ्या सुरुवातीच्या काळात मी बावीस नमुन्यांच्या चिठ्ठ्या साध्या बॉलपेनने लिहिल्या. चार महिन्यांनी बरण्या उघडल्या तेव्हा अल्कोहोल निळसर झालं होतं आणि चिठ्ठ्या कोऱ्या. बावीस उंदीर, कुठलेच नाहीत. तेव्हापासून जाड कापसी कागद, एचबी पेन्सिल, आणि चिठ्ठी बरणीला चिकटवायची नाही, नमुन्याच्या मागच्या पायाला दोऱ्याने बांधायची. त्यावर वहीतला क्रमांक, जागा, उंची, तारीख, लिंग, चार मापं, वजन, आणि कोपऱ्यात एक खूण : पाय नखीसकट मोजला की नखी सोडून.